खडकांतील भुंगेरा
कर्जत-खालापुरचा काळा कातळ म्हणजे सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं थिजलेला लाव्हारस होय. त्या आगींत कीटकाचा माग कसा राहावा? परंतु दोन लाव्हाथरांच्या मधल्या काळांत तळीं सांचत, त्यांत गाळ बसे. याच कातळाच्या पूर्वेकडील कडेस, नागपुराजवळच्या अशा गाळांतून, स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यांनीं भुंगेऱ्यांचीं पंखकवचें मिळविलीं. १८६० सालीं अँड्र्यू मरे यांनीं त्यांवरून नव्या जाती वर्णिल्या. एकीस ‘लोमॅटस हिस्लॉपी’ असें नांव दिलें. १८६३ सालीं हिस्लॉप नदींत बुडून वारले. त्यांचें नांव मात्र नखाएवढ्या कवचास चिकटून राहिलें. म्हणून खडी फोडतांना काळ्या दगडामधला गाळाचा थर दिसल्यास तो टाकाऊ मानूं नये, अशी आमची वाचकांस विनंती आहे.