एईचे देणे

मराठीत 'देणे' हा शब्द दोन्ही बाजूंनी चालतो. आपण दुसऱ्याला देतो ते देणे, आणि दुसऱ्याचे आपल्याकडे राहून जाते तेही देणेच. डब्लिनच्या एका चित्रकार-कवीचा विचार करताना मला हा शब्द पुन्हा पुन्हा आठवत राहिला. जॉर्ज विल्यम रसेल (1867–1935) हे त्याचे नाव. लिहिताना तो 'एई' एवढीच सही करी. त्याने एकदा घेतलेले 'इऑन' हे टोपणनाव मुद्रितशोधकाला नीट लागले नाही. त्याने पहिली दोन अक्षरे ठेवून पुढे प्रश्नचिन्ह टाकले. रसेलने ती दोन अक्षरेच कायमची स्वीकारली.

आज एईच्या कविता फारशा वाचल्या जात नाहीत. त्याची चित्रे आयर्लंडमधल्या संग्रहालयांत आहेत, पण आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात त्याच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो. आणि तरीही विसाव्या शतकातल्या आयरिश साहित्याची कोणतीही वाट धरा, कुठल्या ना कुठल्या वळणावर हा दाढीवाला, पाइप ओढणारा गृहस्थ उभा असतो. हे कसे घडले, त्याच्या औदार्याला कोणती यंत्रणा होती आणि त्याची किंमत कोणी मोजली, एवढेच मला इथे पाहायचे आहे.

मी एईपर्यंत पोचलो ते कवितेच्या वाटेने नव्हे, सहकाराच्या. आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा 1904 साली झाला. त्यामागे जर्मनीतल्या रायफायझनच्या ग्रामीण पतपेढ्यांचा नमुना होता. त्याच नमुन्याच्या पतपेढ्या आयर्लंडच्या पश्चिम भागातल्या दरिद्री खेड्यांत उभ्या करण्याचे काम 1897 पासून एई करत होता. त्याआधी तो डब्लिनमध्ये पिम यांच्या कापडाच्या पेढीवर कारकून होता. सर होरेस प्लंकेट यांना सहकारी चळवळीसाठी माणूस हवा होता. कलाशाळेपासूनचा मित्र असलेल्या डब्ल्यू. बी. येट्सने रसेलचे नाव सुचवले. म्हणजे एईच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवातही दुसऱ्या एका कवीने टाकलेल्या शब्दातून झाली. त्यानंतर हा गूढवादी, उपनिषदे आणि गीता मनापासून वाचणारा थिऑसॉफिस्ट सायकलवर बसून गावोगाव फिरू लागला आणि शेतकऱ्यांना कर्ज, हप्ता आणि सामुदायिक जबाबदारी समजावून सांगू लागला.

या चळवळीचे मुखपत्र होते 'आयरिश होमस्टेड' नावाचे साप्ताहिक. लोणी, दूध, बियाणे, खते हे त्याचे विषय. 1904 च्या उन्हाळ्यात, स्वतः संपादक होण्याच्या वर्षभर आधी, एईने एका बावीस वर्षांच्या तरुणाला पत्र लिहिले. या साप्ताहिकासाठी साधीशी, वाचकांना धक्का न देणारी गोष्ट लिहून देशील का, मोबदला एक पौंड मिळेल, नाव कोणतेही घाल, असा त्याचा आशय. तो तरुण म्हणजे जेम्स जॉइस. 13 ऑगस्ट 1904 च्या अंकात 'द सिस्टर्स' ही त्याची कथा 'स्टीफन डेडलस' या नावाने आली. त्याच वर्षी आणखी दोन कथा छापल्या गेल्या. मग वाचकांच्या तक्रारी आल्या आणि संपादकांनी पुढच्या कथा नाकारल्या. पण 'डब्लिनर्स' या पुस्तकाची सुरुवात झाली ती दूधसंस्थांच्या साप्ताहिकात, हे खरे.

जॉइसशी एईची ओळख त्याआधी दोन वर्षांची. 1902 साली हा मुलगा रात्री उशिरा त्याच्या दारात येऊन उभा राहिला, आणि पहाटेपर्यंत बोलत बसला. एईने त्याला हाकलले तर नाहीच, उलट येट्स आणि लेडी ग्रेगरी यांच्याकडे त्याचे नाव पोचवले. पण औदार्यालाही दृष्टिदोष असतो. 1904 सालीच एईने आठ नव्या कवींचा 'न्यू साँग्ज' हा संग्रह संपादित केला. त्यात पॅड्रिक कोलम, सूझन मिचेल, ईव्हा गोर-बूथ आहेत, जॉइस नाही. जॉइस हे विसरला नाही. 'युलिसिस'मध्ये, ग्रंथालयातल्या प्रकरणात, तरुण कवींच्या या संग्रहाची कुजबुज येते आणि स्टीफन बाहेरच राहिलेला असतो. याच कादंबरीत स्टीफनने एईकडून एक पौंड उसना घेतलेला आहे. इंग्रजीतले पाच स्वर तो ओळीने म्हणतो: ए, ई, आय, ओ, यू. कानाला ऐकू येते ते असे, 'एई, मी तुझे देणे लागतो'. ही कबुली आहे की टोमणा? मला वाटते, दोन्ही. ज्याच्या हातून घेतले त्याच्याविषयीचा संकोच माणूस विनोदाने फेडतो.

1905 पासून 1923 पर्यंत एई 'होमस्टेड'चा संपादक होता, आणि त्यानंतर 1930 पर्यंत 'आयरिश स्टेट्समन'चा. मेरियन चौकातल्या प्लंकेट हाउसमधल्या त्याच्या खोलीच्या भिंती त्याने स्वतःच रंगवल्या होत्या. त्या चित्रांच्या मधोमध बसून तो शेतीवरचे अग्रलेख लिही. चित्रकलेवर त्याने कधी पोट भरले नाही. सुटीत डोनेगलच्या किनाऱ्यावर जाऊन तो भराभर चित्रे काढी. 1913 साली न्यूयॉर्कमधल्या गाजलेल्या आर्मरी शोमध्येही त्याची चित्रे होती. रविवारी संध्याकाळी रॅथगार अॅव्हेन्यूवरच्या त्याच्या घराचे दार उघडे असे.

तो नुसता येणाऱ्यांची वाट पाहत नसे. 1907 साली एका वृत्तपत्रातल्या कविता वाचून तो वकिलाच्या कचेरीत टंकलेखन करणाऱ्या जेम्स स्टीफन्सला शोधत गेला. कॉर्कचा तरुण ग्रंथपाल मायकल ओ'डोनोव्हन पुढे 'फ्रँक ओ'कॉनर' म्हणून प्रसिद्ध झाला; त्याचे सुरुवातीचे लेखन 'स्टेट्समन'मध्ये आले. ऑस्ट्रेलियातून आलेल्या पी. एल. ट्रॅव्हर्स या तरुणीच्या कविता त्याने 1925 मध्ये छापल्या. नऊ वर्षांनी तिने 'मेरी पॉपिन्स' लिहिले. आणि मॉनहन परगण्यातला एक लहान शेतकरी, पॅट्रिक कॅव्हना, डिसेंबर 1931 मध्ये सुमारे 80 किलोमीटर चालत डब्लिनला आला आणि त्याने एईचे दार वाजवले. परत जाताना त्याच्या हातात पुस्तकांचे ओझे होते; त्यात दोस्तोयेव्हस्की होता, व्हिक्टर ह्यूगो होता, व्हिटमन होता.

या औदार्यावर आक्षेप होताच, आणि तो सर्वांत जवळच्या मित्राचा होता. एईने पाठीशी घातलेल्या तरुणांत सामान्य कवी फार आहेत, असे येट्सचे मत. 1910 मधली त्याची एक चार ओळींची बोचरी कविता एईलाच उद्देशून आहे, असे अभ्यासक मानतात. येट्स चुकीचे बोलत नव्हता. एईच्या यादीतली बरीच नावे आज कोणाला आठवत नाहीत. पण मला प्रश्न पडतो तो हिशेबाचा. पतपेढी चालवणाऱ्याला ठाऊक असते की काही कर्जे बुडणार. ती बुडतील म्हणून कोणालाच कर्ज न देणे म्हणजे पेढीला टाळे लावणे. एईने सहकारात जो नियम पाळला तोच साहित्यात पाळला: तारण म्हणून मालमत्ता मागायची नाही, माणूस पाहायचा. कॅव्हनाकडे तारण ठेवायला काय होते?

हे औदार्य म्हणजे मऊपणा नव्हता. 1913 च्या टाळेबंदीत डब्लिनच्या कामगारांना उपाशी ठेवणाऱ्या मालकांना त्याने 'आयरिश टाइम्स'मधून जाहीर पत्र लिहिले. त्याच्या काळातले ते सर्वांत जळजळीत गद्य असावे. लोकगीतांच्या एका संग्रहावरचे परीक्षण छापले म्हणून 1928 मध्ये 'स्टेट्समन'वर अब्रूनुकसानीचा खटला झाला. ज्युरींचे एकमत झाले नाही, पण खर्चाने पत्राचे कंबरडे मोडले आणि 1930 मध्ये ते बंद पडले.

त्याच्या वर्तुळाचा एक धागा आपल्याकडेही येतो. डब्लिनचा कवी जेम्स कझिन्स 1915 मध्ये अॅनी बेझंट यांच्या बोलावण्यावरून मद्रासला आला आणि इथलाच झाला. बंगालच्या नव्या चित्रकारांविषयी त्याने सातत्याने लिहिले; त्रिवेंद्रमचे चित्रालय उभे राहण्यात त्याचा मोठा वाटा होता. 1919 मध्ये रवींद्रनाथ मदनपल्लीला कझिन्सच्या महाविद्यालयात मुक्कामाला असताना 'जन गण मन'च्या चालीचे स्वरलेखन त्याची पत्नी मार्गारेट हिने केले. स्वतः कवी असून दुसऱ्याच्या कलेसाठी राबायचे, ही एईच्या डब्लिनमधली रीत कझिन्सने इकडे चालवली, असे मला वाटते.

एईला स्वतःला काय उरले? पत्नी 1932 मध्ये गेली. पुढच्या वर्षी त्याने घर मोडले, वस्तू मित्रांत वाटल्या आणि लंडन गाठले. 17 जुलै 1935 रोजी बोर्नमथ येथे त्याचा मृत्यू झाला. अखेरच्या दिवसांत ट्रॅव्हर्स जवळ होती. देह डब्लिनला आणला गेला, आणि माउंट जेरोम दफनभूमीत भाषण केले ते फ्रँक ओ'कॉनरने. जॉइसने शब्दखेळात सांगितलेले देणे अशा तऱ्हेने दुसऱ्याच कोणीतरी चुकते केले. एईच्या पेढीत कर्ज एकाने घ्यावे आणि फेड दुसऱ्याने करावी, असा प्रकार वरचेवर होत असे. कॅव्हनाने, ओ'कॉनरने पुढच्या कवी-लेखकांना जे दिले तेही त्याच खात्यावर मांडायला हवे.