फटफटीचे इंजिन आणि तिची ओळख

मोटारसायकलला मराठीत ‘फटफटी’ हे नाव तिच्या आवाजावरून पडले. ‘दुचाकी’ हा शब्द चाके मोजतो. ‘फटफटी’ हा ध्वन्यनुकारी शब्द इंजिनाकडे निर्देश करतो. मग ते इंजिनच बदलले, तर वाहन तेच राहिले असे म्हणावे काय? जुन्या वाहनाचा मालक हा प्रश्न खर्चाच्या अंगाने सोडवितो. इतिहासाच्या अभ्यासकाला तो पुराव्याच्या अंगाने पाहावा लागतो.

पहिले उदाहरण दिल्लीचे. परंतु त्याचा एक धागा महाराष्ट्राशी जुळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना मागे बाके जोडून चांदणी चौकाच्या परिसरात प्रवासी वाहतूक सुरू झाली. पुढे मूळ इंजिने झिजली, तेव्हा त्यांच्या जागी किर्लोस्कर डिझेल इंजिने बसविण्यात आली. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे नाव आपल्याकडे विहिरीवरच्या पंपामुळे घरोघर पोहोचलेले आहे. इंजिन बदलले, आवाज बदलला. नाव मात्र ‘फटफटी’च राहिले. १९९८ साली प्रदूषणाच्या कारणावरून ही वाहने बंद झाली, तोवर ते टिकले. लोकभाषेने येथे ओळख इंजिनाला न देता कामाला दिली.

दुसरे उदाहरण बुलेटचे. १९५५ साली मद्रास येथे एन्फील्ड इंडियाची स्थापना झाली. तिच्या जुन्या ३५० बुलेटमध्ये गिअरपेटी इंजिनाहून स्वतंत्र असते व दोहोंना साखळी जोडते. त्यामुळे गिअरपेटी कायम ठेवून दुसरे इंजिन बसविणे कारागिरांना शक्य झाले. पुढे कारखान्यानेच ग्रीव्हज-लोम्बार्डिनीचे ३२५ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन लावलेली ‘टॉरस’ विक्रीस आणली. इंधनाची बचत मोठी होती. तिची किंमतही उघड होती. पेट्रोल इंजिनाची शक्ती सुमारे १८ अश्वशक्ती, तर डिझेलची अवघी साडेसहा. बीड जिल्ह्यातील कपिलधार हे मन्मथस्वामींच्या समाधीचे क्षेत्र बालाघाटाच्या डोंगरात आहे. अशा चढउताराच्या मुलखात हा फरक केवळ कागदावरचा राहत नाही. शिवाय बुलेटच्या सांगाड्याची खालची बाजू मोकळी असून ती इंजिनानेच सांधली जाते. इंजिन काढणे म्हणजे सांगाड्याचाच एक अवयव काढणे होय.

कायद्याची भूमिका लोकभाषेच्या उलट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलास मनाई करते. २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. परंतु सांगाडा अथवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट घातली. शिवाय असे वाहन प्रदर्शन, संशोधन, मेळावा, दुरुस्ती यांसारख्या कारणांपुरतेच रस्त्यावर आणता येते. तात्पर्य, कायदा ज्याला वारसा मानतो ते रोजच्या वापरातून बाद होते. आणि रोजच्या वापरासाठी ज्याचे इंजिन बदलले, ते वारसा म्हणून बाद होते.

या पेचात निर्णय कसा घ्यावा? ज्या वाहनाचे मूळ इंजिन शाबूत असून त्यावरील क्रमांक नोंदणीपत्राशी जुळतो, तेथे ते बदलू नये. वेग कमी मिळाला, दुरुस्ती महाग पडली, तरी तो क्रमांक हा त्या वाहनाच्या जन्माचा दाखला आहे. मात्र ज्याचे इंजिन दोन पिढ्यांपूर्वी गरजेपोटी बदलले गेले, त्यात आज कोठून तरी ‘अस्सल’ इंजिन आणून बसविणे हा जीर्णोद्धार नव्हे. त्याने इंधनटंचाईचा, कारागिरीचा व पोटासाठी केलेल्या तडजोडीचा पुरावाच पुसला जातो. व्हिंटेज नोंदणीला असे वाहन पात्र ठरणार नाही. तथापि इतिहासाच्या दृष्टीने ते कमी अस्सल नाही.

ग्रंथाच्या संपादनात मूळ पाठ व उत्तरकालीन पाठभेद दोन्ही जपावे लागतात. यंत्रांच्या इतिहासालाही हीच शिस्त लागू आहे.