मिलोपासून मिलेटपर्यंत

स्मरणिका समितीने मला सोसायटीच्या २५ वर्षांच्या हिशेबाचा आढावा लिहायला सांगितला होता. पण तो दरवर्षी ताळेबंदात येतोच, आणि वार्षिक सभेत त्यावर किती जण लक्ष देतात हे आपण सगळे जाणतो. म्हणून या वेळी आकडे थोडे बाजूला ठेवून परातीतल्या पिठाविषयी लिहितो.

निमित्त २०२३ सालचे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने ते वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. आपल्या महिला मंडळानेही गणेशोत्सवात मिलेटच्या पदार्थांची स्पर्धा ठेवली आणि मला परीक्षक केले. शुगरवाला माणूस कमी खाईल असा हिशेब असावा. ज्वारीचा केक होता, नाचणीचे मोमो होते, बाजरीचा पिझ्झाही होता. साधी भाकरी मात्र एकाही ताटात नव्हती. आठवीतल्या एका मुलीने विचारले, "आजोबा, तुमच्या लहानपणी मिलेट होतं का?" मी म्हणालो, "होतं की. पण मधे एक वर्ष मिलो आलं होतं." तिला काही कळलं नाही. तिच्या आईलाही नाही. म्हणून हे सगळे सांगायला बसलो.

माझे गाव भोकरदन तालुक्यातले. १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातच होतो. घरात रोज दोन वेळा जवारीची भाकरी. गव्हाची पोळी फक्त सणाला नाही तर पाहुणा आला तर. १९७२ ला पाऊस गेला आणि कणग्या रिकाम्या झाल्या. तेव्हा रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो मिळायची. ही मिलो म्हणजे ज्वारीचीच चुलत बहीण, पण तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात. भाकरी तांबडी व्हायची, थापताना फाटायची, थंड झाली की दाताला कडक लागायची. दुष्काळी कामावर खडी फोडायला आणि नालाबंडिंगला अख्खी गावे जात. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. तिथे सुकडी वाटायचे. तिची गोड चव माझ्या पिढीतला कोणीही विसरलेला नाही. याच कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला.

माझी आई त्या मिलोत मूठभर हरभऱ्याचे पीठ आणि घोळाची भाजी घालून धपाटे करायची. नुसती भाकरी लेकरांच्या गळ्याखाली उतरत नव्हती, म्हणून. तिला पोषणशास्त्र ठाऊक नव्हते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मात्र त्याच सुमारास यावर काम चालू होते. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले होते की नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा नावाचा कातडीचा आजार आढळतो. कारणाविषयी नंतर वाद झाले, पण ताटात डाळ, पालेभाजी, ताक असले की हा प्रश्न राहत नाही. आपल्याकडे भाकरीबरोबर वरण, पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा असतो तो उगाच नाही.

नंतर चित्र पालटत गेले. १९७६ ला पैठणचे जायकवाडी धरण पूर्ण झाले. पाणी आले तसे गहू आणि ऊस वाढले. पुढे खरिपाच्या ज्वारीच्या जागी कापूस आणि सोयाबीन आले. रेशनवर गहू-तांदूळ. चिकलठाण्याची एमआयडीसी भरली, तीन पाळ्यांत कारखाने चालू झाले. पहाटेच्या पाळीच्या डब्यात पोळीभाजी मऊ राहते, भाकरी वाळते. बायकाही नोकरीला लागल्या. दोष कोणाला द्यायचा?

माझा स्वतःचा दोष मात्र मला ठाऊक आहे. १९७४ ला बँकेत लागलो. पहिल्याच आठवड्यात डबा उघडला आणि बाजूच्या टेबलावरून कोणी तरी हसलं. "काय राव, भाकरी?" एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मी घरी सांगितलं की डब्यात पोळीच पाहिजे. पुढे प्रमोशन झालं, आई आमच्याकडे राहायला आली. साहेब लोक जेवायला आले की ती आपली भाकरी घेऊन मागच्या खोलीत बसायची. मी तिला बाहेर ये असं कधी म्हटलं नाही.

आईचा येसर आमच्या नात्यात नावाजलेला होता. गहू, हरभऱ्याची डाळ, धने आणि मसाले खमंग भाजून दळायचे, मग उकळत्या पाण्यात दोन चमचे टाकले की आमटी तयार. घरात भाजी नसली तरी जेवण अडत नसे. सौ.ने लग्नात कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आणले होते. १९७० चे ते पुस्तक वाटी-चमच्याच्या मापाने लिहिलेले, म्हणून नव्या सुनांना फार सोयीचे. तिने आईला येसराचे माप विचारले, तर आई म्हणायची, "माप कशाचं, हाताला कळतं." मी शेजारी बसून पेपर वाचत होतो. आयुष्यभर व्हाउचर जपणाऱ्या माणसाने तेवढा एक कागद लिहून ठेवला नाही. आई १९९८ ला गेली. आम्ही पुष्कळ वेळा करून पाहिलं. आमटी चांगली होते. पण तिची नाही.

माझी शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी भाकरी खा म्हटले. इथे एक सांगतो, गहू काही विष नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिने आणि तितकाच तंतू असतो, आणि गव्हाच्या न चाळलेल्या कणकेतही जवळपास तेवढेच असते. मैद्यात तंतू फार कमी असतो. त्यामुळे ज्वारीच्या पिठात निम्मा मैदा आणि वाटीभर साखर घातलेला केक 'हेल्दी' म्हणून कोणी दिला तर मी हात जोडतो. (विजेत्या ताईंनी रागावू नये, चवीला तो पहिलाच होता.)

सौ.ची मनगटे दुखतात, सूनबाईला भाकरी येत नाही, म्हणून ७२ व्या वर्षी मीच शिकलो. पहिल्या महिन्यात भाकरीचे सगळे नकाशे झाले. मग कळले की पीठ जुने होते. ज्वारी आठवड्यापुरतीच दळावी, नाही तर पिठाचा चिकटपणा जातो. पाणी चांगले कडकडीत घ्यायचे, पीठ तळहाताच्या टाचेने रगडून मळायचे, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. ज्वारी शक्यतो रब्बीची, मालदांडी. १९३० च्या दशकात सोलापूरकडच्या मोहोळला निवडलेले हे वाण अजून टिकून आहे. आता ती गव्हापेक्षा महाग पडते, हे आईला खरे वाटले नसते.

दर शनिवारी सकाळी मी गिरणीत पाच किलो घेऊन जातो. ती आठवीतली मुलगी आता अकरावीत आहे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत ती दोन-तीनदा आमच्या ओट्यापाशी आली. तिसऱ्या वेळी तिची भाकरी टम्म फुगली. येसराचे आमचे माप तिने वहीत उतरवून घेतले आहे, खाली तारीख घालून.