मौत-मातीचा पैसा आणि विम्याचा कायदा

वऱ्हाडात अंत्यविधीला ‘मौत-माती’ आणि तेराव्याच्या जेवणाला ‘तेरवी’ म्हणतात. यवतमाळसारख्या कोरडवाहू कापसाच्या जिल्ह्यात हा खर्च बहुधा अवेळी येतो. कारण पैसा कापसाबरोबर दिवाळीच्या सुमारास घरात येतो, मृत्यू मात्र हंगाम पाहत नाही. आपल्या तेरवीपायी मुलांच्या डोक्यावर कर्ज राहू नये, ही वृद्धांची इच्छा जुनीच आहे. त्या इच्छेचा व्यापारही शतकाहून जुना असून, दूरध्वनीवरून होणारी आजची विम्याची फसवणूक हे त्याचे अलीकडचे रूप होय.

१९०५ नंतरच्या स्वदेशीच्या लाटेत मोठ्या विमा कंपन्यांबरोबर अल्प वर्गणीच्या अनेक ‘प्रॉव्हिडंट’ मंडळ्या देशात निघाल्या. त्यांपैकी कित्येकींचा व्यवहार विभागणीच्या तत्त्वावर चाले. म्हणजे विम्याची रक्कम ठरलेली नसे, वर्षभरात जमलेली वर्गणी त्या वर्षीच्या मृतांच्या वारसांत वाटली जाई. समजा, हजार सभासदांनी दरमहा एक रुपया दिला, तर वर्षाचे १२,००० रुपये झाले. दहा मृत्यू घडले तर प्रत्येक घरी १,२०० रुपये जात. चाळीस घडले तर अवघे ३००. आणि यातून चालकांचा व दलालांचा वाटा आधीच वजा झालेला असे. पहिल्या वर्षी सभासद तरुण, मृत्यू थोडे, म्हणून वाटणी डोळ्यांत भरणारी. दलालाला दाखविण्यास तेवढा पुरावा पुरे. पुढे सभासदांचे वय वाढे, मृत्यू वाढत आणि नवे सभासद येईनासे होत. या हिशेबात लवकर मेलेल्याचे घर नफ्यात राही. ज्याने सर्वांत दीर्घकाळ वर्गणी भरली, तो म्हातारा मात्र रिकाम्या पेटीचा भागीदार ठरे. यात लबाडी असलीच पाहिजे असे नाही. गणितच वृद्धाच्या विरुद्ध होते.

इंग्लंडमध्ये १९०९ च्या कायद्याने आईवडील, आजीआजोबा इत्यादींच्या अंत्यविधीच्या खर्चापुरता विमा घेण्यास मुभा दिली होती. त्या कायद्याच्या धर्तीवर हिंदुस्थानात १९१२ साली दोन कायदे झाले : एक आयुर्विमा कंपन्यांचा, दुसरा प्रॉव्हिडंट मंडळ्यांचा. दुसऱ्याने नोंदणी, नियम दाखल करणे व हिशेब सादर करणे बंधनकारक केले. विभागणीचे तत्त्व मात्र तसेच राहू दिले. वऱ्हाडची अडचण आणखी वेगळी. हा प्रदेश १९०२ च्या करारान्वये निजामाकडून कायम पट्ट्याने घेतलेला. तो काटेकोर अर्थाने ब्रिटिश हिंदुस्थान नव्हता. मध्यवर्ती सरकारचा कायदा येथे आपोआप चालू होत नसे, तो स्वतंत्र अधिसूचनेने लावावा लागे. १९०५ मध्ये ज्या वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले, तेथील रयतेपर्यंत कायद्याचे संरक्षण अशा आडवाटेने पोचे.

विभागणीच्या धंद्यावर खरा घाव १९३८ च्या विमा कायद्याने घातला. त्याच्या ५२ व्या कलमाने असा नवा धंदा सुरू करण्यास बंदी केली व चालू असलेला गुंडाळण्यास मुदत दिली. याच कायद्याने वारस नेमण्याची सोय केली. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा ताब्यात घेतलेल्या २४५ विमासंस्थांत ७५ प्रॉव्हिडंट मंडळ्या होत्या. एक पर्व संपले.

येथपर्यंतचे सर्व संरक्षण नोंदलेल्या संस्थेला व लिहिलेल्या कागदाला उद्देशून होते. १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना वाट मोकळी झाल्यावरही नियमनाची तीच रीत राहिली. परंतु वृद्धाला प्रामाणिक विम्याच्या दाराशी उभे केले तर काय दिसते? २०१५ ची प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना घ्या : वार्षिक हप्ता ४३६ रुपये, संरक्षण २ लाखांचे, पण प्रवेश ५० वर्षांपर्यंतच, आणि ५५ नंतर संरक्षण नाही. विमाशास्त्राच्या दृष्टीने ही मर्यादा समर्थनीय आहे. तथापि ज्या वयात तेरवीच्या खर्चाची चिंता लागते, नेमक्या त्याच वयात हे स्वस्त दार बंद होते. भामट्याचा दूरध्वनी त्या बंद दाराबाहेर वाजतो. कधी तो बुडालेल्या पॉलिसीचा बोनस मिळवून देतो म्हणतो, त्यासाठी आधी ‘शुल्क’ मागतो. कधी स्वतःला थेट विमा नियामक प्राधिकरणाचा माणूस म्हणवितो. वस्तुतः प्राधिकरण विमा विकत नाही आणि बोनसही जाहीर करीत नाही. तसे त्याने वारंवार प्रसिद्धही केले आहे.

१९१२ चा दलाल निदान दारात येई, त्याचे तोंड ओळखीचे होई, आणि मंडळीची कचेरी कोठे तरी असे. आता उरतो तो केवळ आवाज. २०२४ पासून पॉलिसी हाती पडल्यावर ती ३० दिवसांत परत करण्याचा हक्क ग्राहकास आहे. परंतु येथे पॉलिसीच नसते, मग दिवस कोठून मोजावयाचे? पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे लागते. जितका उशीर, तितकी रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकत जाते, आणि म्हातारा माणूस तर लाजेने घरातही चार दिवस बोलत नाही.