फंड आणि शाल

ही गोष्ट २०२४ च्या ऑक्टोबरातली. पुण्याहून परत येत होते. बॉस्टनच्या लोगन विमानतळावर उतरले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. दोन जड बॅगा, डोळ्यांवर झोप. फोनवरून गाडी मागवली. (ॲपचं नाव कशाला घ्यायचं, सगळे एकाच माळेचे मणी!)

ड्रायव्हर साठीचे गृहस्थ होते, हैतीहून पंचवीस वर्षांपूर्वी आलेले. बोलता बोलता सांगू लागले, मागच्या महिन्यात ॲपनं त्यांचं खातं चार दिवस बंद ठेवलं होतं. म्हणे कुणा प्रवाशाची तक्रार. तक्रार काय, कुणाची, काही कळलं नाही. पाचव्या दिवशी खातं आपोआप चालू झालं. ते का, तेही कळलं नाही. "भांडायचं तरी कुणाशी? समोर माणूसच नाही," ते म्हणाले. आणि लगेच मान ताठ करून, "पण एक आहे, मी माझा मालक आहे."

दोन्ही वाक्यं एका दमात. मला एकदम आमचे आजोबा आठवले.

आजोबा मुंबईत मसजिद बंदरला धान्याच्या एका पेढीवर मेहताजी होते. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब ठेवला. पेढीवर सगळी मिळून पाच-सहा माणसं. शेठ त्यांना 'घरचा माणूस' म्हणायचे आणि आजोबांना त्याचा फार अभिमान. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या शेजारी गादीवर बसून पोती वाहणारे हमाल बघायची. शंभर किलोचं पोतं पाठीवर, अंगावर घामानं चिकटलेला बंडी-सदरा. हमालांची युनियन हा आजोबांचा नावडता विषय. "अगं, ते आमचे नोकर थोडेच आहेत? आज या पेढीचं पोतं, उद्या त्या पेढीचं. मग आम्ही कशाला बोलणी करायची?"

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे पुन्हा येणार आहे.

तर त्या रात्री घरी पोचले आणि टपालाच्या ढिगात मतदारांना येते ती लाल पुस्तिका दिसली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मॅसॅच्युसेट्सच्या मतपत्रिकेवर पाच प्रश्न होते. तिसरा प्रश्न हा : ॲपवर गाड्या चालवणाऱ्यांना संघटना करून कंपन्यांशी सामूहिक वाटाघाटी करण्याचा हक्क द्यावा का? मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? युनियन करायची तर करावी की, त्याला माझं मत कशाला हवं?

मग वाचायला बसले आणि वाचतच गेले.

पहिली गोष्ट ही कळली की चार कामगारांनी एकत्र येऊन "इतके पैसे मिळाल्याशिवाय काम करणार नाही" म्हणणं हा बराच काळ चक्क गुन्हा होता. १८०६ साली फिलाडेल्फियात आठ चांभारांना याच गुन्ह्यासाठी प्रत्येकी आठ डॉलर दंड झाला. आरोप होता कट केल्याचा. एकट्यानं जास्त पैसे मागितले तर तो सौदा, आठांनी मिळून मागितले तर तो कट! हे बदलायला सुरुवात झाली ती नेमकी आमच्या बॉस्टनमध्ये, आणि तीही बूट शिवणाऱ्यांमुळेच. १८४० मध्ये त्यांच्या संघटनेतले सात जण दोषी ठरले. १८४२ मध्ये इथले मुख्य न्यायाधीश लेम्युअल शॉ यांनी ती शिक्षा फिरवली. नुसतं एकत्र येणं हा कट नव्हे. हेतू किंवा मार्ग बेकायदा असेल तरच गुन्हा, असं त्यांनी म्हटलं.

आपल्याकडे हेच घडायला आणखी ऐंशी वर्षं लागली. मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या वादात कामगारांचे पुढारी बी. पी. वाडिया यांच्याविरुद्ध हायकोर्टानं मनाई हुकूम काढला. त्यानंतर १९२१ मध्ये ना. म. जोशी यांनी कायदेमंडळात ठराव मांडला की कामगार संघटनांना कायद्याचं संरक्षण द्या. त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. मुंबईत डिलाईल रोडला ज्यांचं नाव दिलंय तेच हे जोशी. त्या रस्त्यानं मी कितीदा गेले असेन, पण नाव कशासाठी दिलंय हे आता कळलं. असो.

अमेरिकेत मात्र कथा इथं संपली नाही. १८९० मध्ये मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीला वेसण घालायला शर्मन कायदा आला. संगनमतानं भाव ठरवायला बंदी. छान! पण १९०८ मध्ये सुप्रीम कोर्टानं तोच कायदा टोप्या बनवणाऱ्या कामगारांच्या युनियनला लावला. काँग्रेसला १९१४ मध्ये वेगळा कायदा करून लिहावं लागलं की माणसाचे श्रम ही बाजारातली वस्तू नाही. पुढे १९३५ मध्ये वॅग्नर कायदा आला आणि मालकानं युनियनशी बोलणी करणं बंधनकारक झालं. पण फक्त 'कर्मचाऱ्यां'च्या युनियनशी. शेतमजूर आणि घरकाम करणारे तर त्यातून उघडपणे वगळलेच.

आता प्रश्न आला, कर्मचारी कोण? आणि इथं मला या सगळ्यातली सर्वात आवडलेली गोष्ट सापडली. लॉस एंजेलिसमध्ये रस्त्याच्या कोपऱ्यावर वर्तमानपत्रं विकणारे असत. त्यांना 'न्यूजबॉय' म्हणत, पण त्यांतले बरेच चांगले संसारी बाप्ये होते. पेपर कितीला घ्यायचा, कितीला विकायचा, कुठल्या कोपऱ्यावर उभं राहायचं, हे सगळं पेपरवाले ठरवणार. मधला फरक ती यांची कमाई. त्यांनी युनियन केली तेव्हा हर्स्टच्या कंपनीनं बोलणी करायला नकार दिला. हे आमचे नोकर नाहीत, स्वतंत्र धंदेवाले आहेत! (आजोबा आठवले का?) १९४४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, नावाला काय अर्थ आहे, व्यवहार बघा, हे कर्मचारीच. तीन वर्षांत काँग्रेसनं टाफ्ट-हार्टले कायदा करून ते उलटवलं. 'स्वतंत्र कंत्राटदार' वॅग्नर कायद्यातून बाहेर. अध्यक्ष ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला, काँग्रेसनं तोही मोडून काढला.

हैतीचे ते गृहस्थ १९४७ च्या या एका ओळीत अडकले आहेत. कर्मचारी नाहीत म्हणून वॅग्नर कायदा नाही. आणि स्वतंत्र धंदेवाले म्हणावं, तर दोघा धंदेवाल्यांनी मिळून भाव ठरवणं शर्मन कायद्यानं गुन्हा. म्हणजे १८०६ च्या चांभारांच्या शेजारीच येऊन बसले की!

सिएटल शहरानं २०१५ मध्ये यातून वाट काढायचा प्रयत्न केला. शहरानं नियम केला की ॲपच्या ड्रायव्हरांना सामूहिक वाटाघाटी करता येतील. व्यापाऱ्यांची संघटना, यू. एस. चेंबर ऑफ कॉमर्स, कोर्टात गेली. २०१८ मध्ये अपील कोर्टानं म्हटलं की शर्मन कायद्यातून अशी सवलत मिळायला राज्याचं स्पष्ट धोरण आणि राज्याची देखरेख लागते, शहराचा नियम पुरत नाही.

म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याचा कायदा आणि म्हणून माझं मत. त्यात तरतूद अशी की ठरावीक फेऱ्यांपेक्षा जास्त काम करणाऱ्या ड्रायव्हरांपैकी २५ टक्क्यांनी सह्या केल्या की संघटनेला सगळ्यांच्या वतीनं बोलता येईल, आणि झालेला करार राज्य तपासून मंजूर करील. ते कर्मचारी की कंत्राटदार, या वादाला हात लावलेलाच नाही. त्या वादात राज्य सरकारनं उबर आणि लिफ्टविरुद्ध २०२० मध्ये खटला भरला होता. २०२४ च्या जूनमध्ये तो मिटला तेव्हा १७.५ कोटी डॉलर आणि तासाला किमान ३२.५० डॉलर ठरले. पण तो तास फेरी स्वीकारल्यापासून संपेपर्यंतचा. पुढच्या फेरीची वाट बघत बसलेला वेळ धरायचा नाही.

आमच्या घरी यावर वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, भाडं वाढेल. खरंय, वाढेलही. मीच रात्री अकराला जड बॅगा घेऊन स्वस्तातली गाडी शोधणारी, मी कुठल्या तोंडानं बोलू?

पण मला मसजिद बंदरची ती गादी दिसत होती. आजोबांचं वाक्य खोटं नव्हतं. हमालाला एक मालक नव्हताच. टोळी दिवसभरात चार पेढ्यांची पोती उचलायची, मग फंड कुणी भरायचा? अण्णासाहेब पाटील हे स्वतः हमाली केलेले, पाटण भागातले. त्यांच्या युनियनच्या लढ्यांनंतर १९६९ मध्ये महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला. मालक शोधत बसण्याऐवजी कायद्यानं मंडळं काढली. निम्मे प्रतिनिधी व्यापाऱ्यांचे, निम्मे कामगारांचे, वर सरकारची माणसं. मजुरी मंडळात भरायची, त्यावर टक्केवारीनं लेव्ही, आणि त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, रजा. समोर माणूस नव्हता, कायद्यानं तो आणून बसवला. पुढे माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळण्याच्या तक्रारीही झाल्या, हेही नाकारण्यात अर्थ नाही. पण सत्तावन्न वर्षांपूर्वी हे सुचलं होतं, ही केवढी गोष्ट!

लेव्हीचा हिशेब पेढीवर आजोबांनाच लिहावा लागायचा. कुरकुरत लिहायचे. मग ते निवृत्त झाले. शेठनी नारळ दिला, शाल दिली, पेढे दिले. फंड नव्हता, ग्रॅच्युइटी नव्हती. पाच-सहा माणसांच्या पेढीला ते कायदे लागू नव्हते आणि 'घरच्या माणसा'ला हे मागायचं सुचलंही नाही. त्याच सुमारास त्यांच्याच दारावरचा साताऱ्याकडचा एक हमाल काम सोडून गावी गेला. जाताना आजोबांच्या पाया पडायला आला आणि फंडाच्या पैशातून गावी दोन खोल्या बांधतोय म्हणून सांगून गेला. तो गेल्यावर आजी म्हणाली, "त्याला फंड, आणि तुम्हाला शाल." आजोबा काहीच बोलले नाहीत. युनियनला नावं ठेवताना मात्र मी त्यांना पुन्हा ऐकलं नाही.

मी तिसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हटलं. सुमारे ५४ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. २०२५ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियानंही असाच कायदा केला. आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता २०२५ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. तिच्यात ॲपवर काम करणाऱ्यांसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यायची, असं आहे. चांगलंच आहे. पण टेबलाच्या एका बाजूला ड्रायव्हर आणि दुसऱ्या बाजूला कंपनी, असं बसून दर ठरवायचा हक्क तिच्यात नाही. माथाडी मंडळात तशी खुर्ची होती.

कायद्यानं हैतीच्या त्या गृहस्थांचं किती भलं होईल, कोण जाणे. सह्या गोळा करायच्या तर ड्रायव्हर एकमेकांना भेटायला हवेत, आणि ते तर आपापल्या गाडीत एकटे. हमालांची निदान टोळी होती.

लेख लांबला. आजोबांची ती शाल अजून आईकडे आहे, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली. काका, वाचत असाल तर एवढंच कळवा, आजोबा नक्की कुठल्या साली निवृत्त झाले? मला ते लिहून ठेवायचंय.