आप्पांची इस्टेट

२००१ साली आप्पांनी इस्टेट घेतली, ही बातमी आमच्या आळीत पसरली आणि संध्याकाळी दोघंजण चौकशीला घरी आले. त्यांना वाटलं, नवलाख उंबऱ्याकडं कुठं जमीन घेतली. आमच्या भागात इस्टेट म्हणजे जमीनच. आप्पांनी त्यांना अंगणात नेलं आणि गाडी दाखवली. पांढरी, लांबलचक, मागं डिकीच्या जागी काचेची खोली असावी तशी. टाटा इस्टेट, १९९४ चं मॉडेल, पुण्याच्या एका डॉक्टरांनी वापरलेली. पाहुण्यांतले एक थोडा वेळ गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "आरं, ही तर अँब्युलन्स हाय!"

पुढं ते खरं ठरलं.

आप्पा पिंपरीला टेल्कोत फिटर होते. तळेगाव स्टेशनावरून लोकलनं जायचे, डबा आईच्या हातचा. टेल्को जन्मली १९४५ साली, जमशेदपूरला. १९५४ पासून जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर ट्रक बनवू लागली, आणि साठच्या दशकात पुण्याजवळ आली. मावळातल्या कितीतरी घरांत त्यामुळं पहिला पगार आला. ट्रक बनवणाऱ्या या कंपनीनं १९८८ मध्ये टाटामोबाइल हा पिकअप काढला. त्याच्याच पायावर १९९१ ला सिएरा आणि १९९२ ला इस्टेट आली. १९४८ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाच गिअर. काचा बटणानं खालीवर व्हायच्या, हे त्या काळी देशी गाडीत नवल होतं. आप्पा म्हणायचे, "हिच्यातले नटबोल्ट माझ्या वळखीचे हायेत." म्हणूनच त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन ही गाडी घेतली.

अशा गाडीला स्टेशन वॅगन का म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत रेल्वेच्या स्टेशनावरून माणसं आणि त्यांच्या ट्रंका घरी पोचवणारी गाडी, ती स्टेशन वॅगन. आधी घोड्याची होती, मग मोटारीवर लाकडी सांगाडा चढवला, नंतर सगळा पत्रा आला. तळेगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली आणि आमचं गाव दोन झालं. एक दाभाड्यांचं जुनं तळेगाव, दुसरं स्टेशन. मधलं अंतर टांग्यानं कापायचं. तेव्हा आमची पहिली स्टेशन वॅगन म्हणजे टांगाच.

आपल्या देशात ही जात कधी फार रुजली नाही. महिंद्रांनी मुंबईत विलीज जुळवली, अँबॅसिडरची इस्टेट निघाली, मद्रासच्या स्टँडर्डनं कंपॅनियन काढली. पण चारचौघांत मिरवायला लोकांना डिकीची गाडी हवी असायची, आणि माणसं कोंबायला जीप. टेल्कोनंच १९९४ ला सुमो आणली. ती खेड्यापाड्यांत धावली, इस्टेट मागं पडली. २००० च्या सुमाराला ती बंदच झाली. म्हणजे आप्पांनी घेतली तेव्हाच ती बंद पडलेल्या वाणाची होती.

पण आमच्याकडं तिनं काय नाही केलं! मागची सीट पाडली की भाताची पोती बसायची. लग्नात नवरदेव पुढं, वाजंत्री मागं. एका आषाढात रात्री आंदर मावळातल्या एका वाडीवरून निरोप आला, बाई अडली आहे. मागं गोधडी अंथरून तिला आडवी घातली, सुईण शेजारी बसली. पाण्याचा मारा असा की वायपर असून नसल्यासारखे. आप्पांनी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी तळेगावच्या दवाखान्यात आणली. मुलगा झाला. तो आता तेवीस वर्षांचा आहे, अजून आप्पांना पाहिलं की वाकून पाया पडतो.

गाडीला खरा त्रास दिला तो आमच्या पावसानं आणि आमच्या आळसानं. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तळेगावला त्याहून कमी, पण दमट हवा पत्र्याला सोडत नाही. आप्पा निवृत्त झाले, गाडी चिंचेखाली उभी राहू लागली. दारांच्या तळाला पाणी जायला भोकं असतात, ती पानांनी आणि मातीनं बुजली. पाणी आतच साठलं आणि पत्रा आतून खाल्ला गेला. बाहेरून रंगाला नुसता फोड दिसतो. बोट दाबलं की आरपार जातं.

२०२२ च्या दिवाळीनंतर आम्ही अंगणात ताडपत्री बांधून काम काढलं. सीटा, गालिचा, दारांचे पुठ्ठे सगळं बाहेर. एमआयडीसीत पेंटशॉपला काम केलेला आळीतला एक पोरगा रविवारी यायचा. गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, त्या मापाचा तुकडा गॅस वेल्डिंगनं जोडायचा, घासायचा, वर रेड ऑक्साइड, मग लांबी, मग रंग. मी म्हटलं, वरून लांबी भरून टाकू, कोण बघतंय. आप्पा चिडले. "गंज झाकायचा नसतो रं, काढायचा असतो. झाकला तर पुढच्या पावसात दुप्पट होऊन येईल." तेव्हापासून आमचा नेम ठरला. मिरगाच्या आधी दारांची भोकं तारेनं मोकळी करायची, दसऱ्याला गाडीखालचा चिखल धुऊन, वाळवून, जिथं लाल दिसेल तिथं ब्रश मारायचा.

इंजिनाची फारशी अडचण नव्हती. गाडी महिनाभर उभी राहिली की डिझेलच्या लायनीत एअर धरायची. ती फिल्टरवरच्या हातपंपानं काढायची. थंडीत हीटर प्लग तापेपर्यंत चावी अर्धी फिरवून थांबायचं. बरेच सुटे भाग टाटामोबाइलचे चालतात, ते मिळतात. अडलं ते काचेवर. मागच्या बाजूची मोठी काच फक्त इस्टेटचीच. पोरांच्या चेंडूनं ती फुटली.

समोरची काच दोन थरांची असते, मधे पडदा. बाजूची काच तापवून एकदम गार केलेली असते. ती कापता येत नाही, कापायला गेलं की तांदळाएवढे खडे होतात. तेव्हा दुसरी काच कापून बसवणं शक्य नाही. मी अंगणात ते खडे गोळा करत होतो आणि आप्पा ओट्यावरून म्हणाले, "काचंच्या गावात काच मिळंना."

त्यांचं म्हणणं खरं होतं. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा गोळा करायची कल्पना काढली, लोकमान्यांनी तिला पाठबळ दिलं, आणि १९०८ मध्ये त्या पैसाफंडातून तळेगावात काचेचा कारखाना उभा राहिला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं शिकवायला होते. इथं शिकलेले कारागीर पुढं देशभरच्या भट्ट्यांवर गेले. त्या कारखान्यानं काच तर दिलीच, पण शिकलेले हातही दिले.

काच शेवटी चिखलीजवळच्या कुदळवाडीत सापडली, भंगाराच्या शेडमध्ये, मोडलेल्या इस्टेटच्या अंगावर. आम्ही ती गोधडीत गुंडाळून आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं कुदळवाडीतली हजारो पत्राशेड पाडली. दोन वर्षं उशीर झाला असता तर आमची काच गेली होती.

२०२४ मध्ये नोंदणीची मुदत संपली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ च्या आधी फेरनोंदणीचे सहाशे रुपये होते, तिथून तेव्हा पाच हजार झाले होते, वर पर्यावरण कर. २०२१ च्या नियमानं जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून मान आहे, पण तिचं वय पन्नास पाहिजे. आमची त्या मानाला पोचणार २०४४ ला. भंगारवाला दारात येऊन वजनाचा भाव सांगून गेला. मी आप्पांना विचारलं, काय करायचं?

ते लगेच बोलले नाहीत. गेल्या काही वर्षांत त्यांनी एमआयडीसीत कारखाने येताना पाहिले, जातानाही पाहिले. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं, आणि आता ती जागा ह्युंदाईकडं गेली. शेडवरची नावं बदलतात.

ते उठले, लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. इंजिन चालू असताना त्याचं टोक टॅपेटच्या झाकणावर टेकवून मूठ कानाला लावायची, आतली खडखड त्यांना शब्द ऐकावा तशी कळायची. या वेळी त्यांनी कान लावला, बराच वेळ लावला. मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "मला आता नीट येत न्हाई. तू बघ."

मी कान लावला. तिसऱ्या सिलिंडरपाशी टकटक होती, बारीक. मी तसं सांगितलं.

"मग गॅप बघ," आप्पा म्हणाले, "आणि पाच हजार भरून ये."