क्लोव्हेली : एकाच धन्याचे गाव

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, डेव्हन परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावर, कड्याच्या एका घळीत क्लोव्हेली हे कोळ्यांचे गाव वसले आहे. गोट्यांनी फरसबंद केलेली एकच अरुंद वाट, दुतर्फा पांढरी घरे आणि तळाशी चिमुकले बंदर. उतार असा की या वाटेवर मोटार शिरत नाही. पूर्वी गाढवांच्या पाठीवरून जाणारे सामान आज चाके नसलेल्या गाडीवर लादून ओढीत नेतात.

हे बंदर सोळाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज कॅरी याने बांधविले व हेरिंग मासळीवर गाव जगले. त्या जगण्याचे मोलही दर्याने वसूल केले. १८२१ च्या ऑक्टोबरातील एका वादळात गावचे सुमारे ३० कोळी बुडाले. पुढे चार्ल्स किंग्जली या कादंबरीकाराने, ज्याचा पिता येथे धर्मोपदेशक होता, १८५५ साली ‘वेस्टवर्ड हो!’ लिहून या किनाऱ्याला कीर्ती मिळवून दिली. मासळी घटली, प्रवासी वाढले. आज प्रवासी किंग्जलीचे स्मृतिघर व जुन्या कोळ्याचे घर पाहतात, आणि त्यासाठी वेशीवर प्रवेशशुल्क भरतात.

कायद्याच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारी गोष्ट नेमकी हीच. गावात शिरण्यास मूल्य पडते, कारण गाव एकाच घराण्याचे आहे. झकरी हॅमलिन या धनाढ्य वकिलाने १७३८ साली ही जहागीर खरेदी केली. ती आजही त्याच्या वारसांकडे आहे. १८८४ पासून १९३६ पर्यंत धनीण असलेल्या ख्रिस्तीन हॅमलिन यांनी घरांची डागडुजी करविली. त्यांची आद्याक्षरे आजही भिंतींवर दिसतात. येथे रहिवासी भाडेकरू असतात, घराचे मालक होत नाहीत.

यात लाभ व हानी दोन्ही आहेत. किनाऱ्यावरील इतर गावांत धनिकांनी सुट्टीपुरती घरे घेतली आणि हिवाळ्यात तेथे दिवा लागेनासा झाला. क्लोव्हेलीत मात्र वस्ती टिकली. परंतु येथे जन्म काढलेल्यासही स्वतःचे छप्पर लाभत नाही. भारतीय न्यायालयांनी देवस्थानाच्या मिळकतीचा स्वामी मूर्तीस मानले व कारभाऱ्यास हिशेब देण्यास बांधून घेतले. क्लोव्हेलीचे सौंदर्य मात्र धन्याच्या सद्बुद्धीवर उभे आहे. आणि सद्बुद्धी ही वारसाहक्काने मिळणारी वस्तू नव्हे.